गाओकाओचं इंग्रजी: ऐकण्याची आणि वाचण्याची तयारी, पायरी पायरीने

"शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स आहे, म्हणून तुम्ही सी हा पर्याय निवडता." चीनमधल्या बारावीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी हे वाक्य तो घडाघडा म्हणेल. विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत, म्हणजे गाओकाओत, इंग्रजीच्या श्रवणाचा भाग सुरू होताना नमुना म्हणून एक प्रश्न ऐकवतात. पुरुष विचारतो, शर्ट केवढ्याला? बाई सांगते, नाइन फिफ्टीन. पर्याय तीन: १९.१५, ९.१८ आणि ९.१५. वर्षानुवर्षं तोच शर्ट आणि तीच किंमत. मला तो नमुना फार आवडतो, कारण परीक्षेत कानाची कसोटी कुठे लागणार ते त्यात उघड सांगून टाकलंय. नाइन की नाइन्टीन? फिफ्टीन की एटीन?

मी नानजिंगला राहत होते तेव्हा शेजारच्या घरातली मुलगी या परीक्षेची तयारी करत होती. तिची आई मला चिनी शिकवायची, आणि मी मुलीला इंग्रजीत मदत करायचे. मुलगी अत्यंत कष्टाळू. तिच्या वयाची असताना मला येत होते त्याच्या दुप्पट शब्द तिला येत असतील. पण ध्वनिफीत लावली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तिचं पेन थांबायचं. त्याच संवादाची संहिता कागदावर दिली की म्हणायची, "हे तर सगळं येतं मला!"

खरं कारण माझ्या लक्षात यायला काही महिने गेले. ती इंग्रजी वाक्य शेवटपर्यंत वाचायची, मग मागे यायची, तुकडे उचलून चिनी क्रमाने लावायची आणि मग तिला अर्थ लागायचा. कागद थांबतो, त्यामुळे वाचताना हे खपून जात होतं. आवाज थांबत नाही. म्हणजे दुखणं कानाचं दिसत होतं, पण मूळ वाचण्याच्या सवयीत होतं. श्रवण आणि वाचन यांची तयारी वेगवेगळ्या वह्यांत करण्यापेक्षा एकाच मजकुरावर, एकाच दिशेने करावी असं मी तेव्हापासून सांगते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच समजुतीवर बेतलेल्या आहेत. चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे, भाषेची देवाणघेवाण करणारे, शांघाय-शेनचेनमध्ये राहून सहकाऱ्याच्या मुलाला हात देणारे मराठी लोक आता बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी.

प्रश्नपत्रिका नीट पाहून घ्या

गाओकाओ दर वर्षी ७ जूनला सुरू होते. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली होती. परकीय भाषेचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५. परकीय भाषा म्हणून रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुतेक मुलं इंग्रजीच घेतात.

पेपर १५० गुणांचा. अनेक प्रांतांत चालणारी नव्या पद्धतीची राष्ट्रीय प्रश्नपत्रिका घेतली तर श्रवणाला ३० गुण, वाचनाला ५०, गाळलेले शब्द आणि व्याकरण मिळून ३०, लेखनाला ४०. श्रवणाचे २० प्रश्न दीड-दीड गुणाचे. वाचनात ए, बी, सी, डी असे चार उतारे आणि त्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. शिवाय 'छी श्वान वू', म्हणजे 'सातातून पाच', या प्रकाराचे पाच प्रश्न, तेही अडीच गुणांचे. थोडक्यात, १५० पैकी ८० गुण ऐकण्या-वाचण्यावर आहेत, आणि ते सगळे पर्याय निवडण्याचे.

मात्र सगळा देश एकाच साच्यातला नाही. बीजिंगमध्ये श्रवण आणि संभाषण संगणकावर होतं आणि त्याला १५० पैकी ५० गुण आहेत. ग्वांगतोंगमध्येही ऐकण्या-बोलण्याची परीक्षा संगणकावर, लेखी पेपरपासून वेगळी. शांघायचा पेपर स्वतंत्र आहे. चच्यांग प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते. त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलाला विचारा: तू कुठल्या प्रांतातून बसणार? आणि तिथल्या मागच्या चार-पाच वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका मिळवा. मुलं त्यांना 'जन्थी' म्हणतात, अस्सल प्रश्न. सराव प्रश्नसंचांचा बाजारात ढीग असतो, पण त्यांतले पर्याय कधी उगाच फसवे, कधी चक्क चुकीचे असतात. दहा सराव पेपर वरवर सोडवण्यापेक्षा एक जन्थी तीनदा पिंजून काढलेली बरी.

पायरी पहिली: चुकांचे तीन ढीग करा

एक जुना श्रवणाचा भाग परीक्षेसारखा सोडवून घ्या. मग उत्तरं न सांगता संहिता मुलाच्या हातात द्या आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायला सांगा. शब्दच माहीत नव्हता. शब्द माहीत होता, पण कानाला ओळखता आला नाही. सगळं ऐकू आलं, तरी उत्तर चुकलं.

शब्द माहीत नसणं हाच आपला रोग आहे, असं बहुतेक मुलं धरून चालतात आणि शब्दांची यादी घेऊन बसतात. २०१७ च्या अभ्यासक्रमात उच्च माध्यमिक पातळीपर्यंतच्या शब्दांची यादी सुमारे ३,००० ची आहे, आणि चांगला अभ्यास करणाऱ्या मुलाची ती पाठ असते. पण मी ज्या मुलांबरोबर बसले त्यांचा सगळ्यात मोठा ढीग दुसऱ्या खुणेचा निघाला: शब्द माहीत, पण कानाला अनोळखी. हा ढीग डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय मूल यादी सोडत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

पायरी दुसरी: ओळखीचे शब्द कानाला ओळखू यायला हवेत

ती मुलगी मला 'आयी' म्हणायची. चिनीत याचा अर्थ मावशी, काकू. माझ्या कानाला पहिले कित्येक दिवस ते 'आई' असंच ऐकू यायचं. कान आपल्या ओळखीचंच ऐकतो. तिच्या कानाचंही तसंच होत होतं, फक्त अडचणीच्या जागा वेगळ्या होत्या.

मँडरिनमध्ये अक्षराचा शेवट जवळजवळ नेहमी स्वराने, नाहीतर न् किंवा ङ् ने होतो. मराठीत हात, घर, पाट, लोक असे व्यंजनान्त उच्चार आपण दिवसभर करतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला आतून कळत नाही. चिनी मुलाला इंग्रजी शब्दाच्या शेवटचा ट, ड, क, प मुळात ऐकूच येत नाही. त्यात इंग्रजी बोलणारे लोक तो शेवट पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जोडून टाकतात: 'पिक इट अप' हे 'पिकिटप' होतं. मुलगा 'पिकिटप' नावाचा शब्द शोधत बसतो आणि तोवर दोन वाक्यं निघून जातात.

आणखी काही जागा मुद्दाम तपासाव्यात.

'कॅन' आणि 'कान्ट' यांतला फरक शेवटच्या ट वर शोधू नका, तो बहुधा ऐकूच येत नाही. होकारी कॅन दबून 'क्न' एवढाच उरतो. नकारी शब्दाचा स्वर मात्र भरदार असतो. स्वराला वजन आहे का, एवढंच ऐकायचं.

थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी यांतही आघात पाहावा. 'टीन' लांबतो आणि त्याच्यावर जोर येतो. 'टी'च्या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडतो.

चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, आणि अनेकवचनालाही नामाला साधारणपणे काही लागत नाही. त्यामुळे 'वर्क्ड'मधला शेवट किंवा 'टिकेट्स'मधला स कानावर पडला तरी मन तो टाकून देतं. मग काल घडलेलं आणि उद्या करायचं यांची सरमिसळ होते.

'ही' आणि 'शी' दोन्हींना बोली चिनीत एकच उच्चार आहे: 'था'. लिहिताना चिन्हं वेगळी, कानाला एक. गोष्टीत बहीण, भाऊ आणि शिक्षक असे तिघं आले की कोणी काय केलं यात गोंधळ होतो. सराव सोपा आहे: ऐकताना प्रत्येक 'ही' आणि 'शी'च्या जागी माणसाचं नाव मोठ्याने म्हणायचं.

मोठ्या संख्या. आपण लाखाने मोजतो, चिनी लोक 'वान'ने, म्हणजे दहा हजाराने. 'वन हंड्रेड अँड ट्वेन्टी थाउजंड' ऐकल्यावर आपलं मन एक लाख वीस हजार म्हणतं, तिचं मन 'बारा वान' म्हणतं. दोघांनाही बेरीज-वजाबाकी करावी लागते आणि तेवढ्यात पुढचं सुटतं. यावर इलाज म्हणजे भाषांतर न करता थेट आकडे लिहायचे: थाउजंड ऐकू आलं की स्वल्पविराम, मग तीन जागा.

आता या सगळ्यावरचं मुख्य काम. चिनी शाळांत त्याला 'चिंगथिंग' म्हणतात, बारकाईने ऐकणं. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. श्रवणाच्या दुसऱ्या विभागातला, म्हणजे दोनदा ऐकवतात त्यांतला, एक मिनिटाच्या आसपासचा संवाद निवडा. पहिल्यांदा पेन खाली ठेवून सलग ऐकायचा आणि कोण, कोणाशी, कशाबद्दल बोलतंय ते चिनीत एका वाक्यात सांगायचं. मग एकेक वाक्य थांबवून ऐकलं तसं लिहायचं. न कळलेल्या जागी रेघ. एका वाक्याला तीनपेक्षा जास्त वेळा ऐकायचं नाही. नंतर संहिता उघडून लाल पेनाने रेघा भरायच्या आणि प्रत्येक रेघेपाशी कारण लिहायचं: जोडून बोलले, दाबून बोलले, शेवट सुटला, शब्द नवा. त्यानंतर संहितेवर बोट ठेवून ऐकायचं. मग संहिता झाकून ध्वनिफितीच्या मागोमाग, तिच्याच वेगाने बोलायचं. दुसऱ्या दिवशी, संहिता न पाहता, एकदा ऐकायचं.

बहुतेक मुलं लाल पेनापाशी थांबतात, कारण तिथे काम संपल्यासारखं वाटतं. खरं शिकणं त्याच्या पुढे आहे. मागोमाग बोलताना तोंडाला 'पिकिटप' म्हणता आलं की कानाला ते पुढच्या वेळी ओळखू येतं. शेजारच्या त्या मुलीला हे बोलणं आधी फार लाजिरवाणं वाटायचं. मग आम्ही दोघी एकत्र बोलायला लागलो.

बसमध्ये, जेवताना कानात लावून ठेवायचं ते सैल ऐकणं, 'फानथिंग'. त्याचा उपयोग आहे, पण बारकाईने आधी झालेल्या मजकुरासाठीच. न कळणारं नवं इंग्रजी पार्श्वभूमीला वाजत ठेवलं तर कान त्याला गोंगाट समजायला शिकतो.

पायरी तिसरी: परीक्षेच्या वीस मिनिटांची शिस्त

पहिल्या विभागात पाच छोटे संवाद, प्रत्येकावर एक प्रश्न, आणि संवाद एकदाच ऐकवतात. मध्ये दहा सेकंद मिळतात, त्यांत उत्तर द्यायचं आणि पुढचा प्रश्नही वाचायचा. दुसऱ्या विभागात पाच संवाद किंवा भाषणं, १५ प्रश्न. इथे प्रत्येक मजकूर दोनदा ऐकवतात, आणि प्रश्न वाचायला आधी प्रत्येकी पाच सेकंद, उत्तराला नंतर पाच.

दहा सेकंदांचे दोन भाग करायची सवय लावा: तीन सेकंदांत उत्तरावर खूण, उरलेल्या सातांत पुढचे तीन पर्याय. पर्याय वाचताना एवढंच ठरवायचं की मला काय ऐकायचंय: जागा, वेळ, नातं की पुढची कृती. एक प्रश्न हुकला तर अंदाजाने खूण करून सोडून द्यायचा. हुकलेल्या प्रश्नाचा विचार करताना पुढचा हुकतो, आणि दीड गुणाचे तीन होतात.

पर्यायांचा सापळाही दाखवून द्यावा लागतो. मी सरावासाठी तयार केलेला एक संवाद घ्या. तो विचारतो, "शॅल वी मीट अ‍ॅट सिक्स?" ती म्हणते, "द फिल्म स्टार्ट्स अ‍ॅट सिक्स थर्टी, अँड आय वॉन्ट टू ईट समथिंग फर्स्ट. मेक इट अ क्वार्टर टू." भेटणार किती वाजता? पर्याय: ५.४५, ६.०० आणि ६.३०. सहा आणि साडेसहा स्पष्ट ऐकू आले, आणि बरोबर उत्तर मात्र जसंच्या तसं कोणी उच्चारलंच नाही. आपल्याकडे 'पावणेसहा' आहे आणि चिनीतही सहाला पाव कमी अशीच म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही. फक्त 'टू' या एवढ्याशा शब्दाला पकडायची सवय हवी. जो पर्याय ठळकपणे ऐकू आला त्यावर लगेच झडप घालायची नाही. सुचवलेली गोष्ट आणि ठरलेली गोष्ट वेगळी असते, आणि ठरलेली बहुधा 'बट', 'अ‍ॅक्च्युअली', 'आय'ड रादर' यांच्या पलीकडे असते.

इथे चिनी मुलांची एक खास सवय आड येते. चिनीत 'जरी' आणि 'परंतु' जोडीने येतात, जशी आपली 'जरी-तरी'. इंग्रजीत 'ऑल्दो' आला की 'बट' येत नाही. मुलगा 'बट'ची वाट पाहत राहतो आणि वळण निघून गेलेलं असतं. 'ऑल्दो' ऐकताच कान टवकारायचे: महत्त्वाचं वाक्य त्याच्या नंतरचं.

दोनदा ऐकवल्या जाणाऱ्या मजकुरात पहिल्या फेरीतच सगळ्या प्रश्नांवर खुणा करायच्या, शंका असेल तिथे टिंब. दुसरी फेरी फक्त टिंबांसाठी. प्रश्न साधारणपणे मजकुराच्या क्रमाने येतात, तेव्हा बोट प्रश्नांवरून खाली सरकत राहिलं पाहिजे. शेवटी उत्तरपत्रिकेवर खुणा उतरवायला दोन मिनिटं मिळतात, म्हणून आधी प्रश्नपत्रिकेवरच खूण करावी.

पायरी चौथी: वाक्य मागे फिरवू नका

आता मुळाशी येऊ. हे वाक्य पाहा: "दि ओल्ड मॅन | व्हू रन्स द बुकशॉप | निअर अवर स्कूल | रिफ्यूज्ड टू सेल द मॅप | दॅट हिज फादर हॅड ड्रॉन." मराठीत आपण म्हणू, "आमच्या शाळेजवळचं पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्याने वडिलांनी काढलेला नकाशा विकायला नकार दिला." शाळा, दुकान, मग म्हातारा. वडील, मग नकाशा. चिनीतही माणसाचं किंवा वस्तूचं वर्णन नामाच्या आधी येतं, अगदी असंच. म्हणून 'व्हू' दिसताच चिनी मूल थांबतं, वर्णनाचा शेवट शोधतं आणि मागे येऊन सगळं म्हाताऱ्याच्या अलीकडे ठेवतं. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी नेमकं हेच केलेलं आहे, आणि म्हणून ही खोड कशी लागते ते आपल्याला चांगलं समजावता येतं.

तोडगा असा. उताऱ्यातल्या लांब वाक्यांवर वरच्यासारख्या उभ्या रेघा मारायच्या आणि प्रत्येक तुकडा वाचून झाला की त्याच क्रमाने अर्थ बोलायचा: एक म्हातारा, तो दुकान चालवतो, दुकान आमच्या शाळेजवळ, त्याने नकाशा विकायला नकार दिला, तो नकाशा त्याच्या वडिलांनी काढला होता. चिनी ओबडधोबड होईल, होऊ द्या. मागे मात्र जायचं नाही. वाचलेला भाग पोस्टकार्डाने झाकत गेलं तर डोळा मागे जाऊच शकत नाही. आम्ही हे रोज एका उताऱ्यावर, दहा मिनिटं केलं.

आणि यासाठी उत्तम मजकूर कुठला? कालच्या श्रवणाची संहिता. ती बोली आहे, वाक्यं आटोपशीर आहेत, आणि कानाने आधीच गेलेली आहे. सकाळी ऐकलेलं संध्याकाळी तुकड्यातुकड्याने वाचायचं. उलटही करता येतं: वाचनाचा उतारा तुम्ही मोठ्याने, तुकड्यांपाशी किंचित थांबत वाचून दाखवा आणि मुलाला कागद न देता ऐकू द्या. दीड-दोन महिन्यांत वाचनाचा वेग वाढल्याचं मला दिसलं, आणि त्याच्या मागोमाग श्रवणाचे गुण.

पायरी पाचवी: चार उतारे, चार चाली

ए उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा: संग्रहालय, सहल, अभ्यासक्रम, स्पर्धा. तीन प्रश्न. इथे आधी प्रश्न, मग मजकुरात शोध. चार मिनिटांत संपवावा.

बी सहसा एखाद्या माणसाची गोष्ट. प्रश्न चार. मुलं घटना लक्षात ठेवतात आणि भाव विसरतात. समासात दोनच शब्द लिहायचे: सुरुवातीला त्या माणसाला कसं वाटत होतं आणि शेवटी कसं. अनुमानाचे प्रश्न बहुतेक त्या दोहोंच्या मधल्या बदलावर असतात.

सी आणि डी माहितीपर, डी अनेकदा एखाद्या संशोधनावर. डीची दहशत मुलांच्या मनात फार असते आणि ती अनाठायी आहे. विषय नवा असला तरी घडण ठरलेली असते: काय आढळलं, कोणी आणि कसं तपासलं, त्याचा अर्थ काय, मर्यादा किंवा पुढचं काम काय. या चार जागा शोधून कडेला अंक घातले की प्रश्न कुठल्या जागेचा आहे ते लगेच दिसतं. अभ्यासक्रमाबाहेरच्या काही शब्दांचा चिनी अर्थ कंसात दिलेलाच असतो. संशोधकांची लांबलचक नावं वाचायचीसुद्धा गरज नाही, पहिलं अक्षर पुरे.

सगळ्या उताऱ्यांसाठी माझा एकच कडक नियम होता: उत्तर कुठल्या ओळीतून आलं ती ओळ अधोरेखित केल्याशिवाय खूण करायची नाही. "मला तसं वाटलं" हे चालणार नाही. हा नियम पाळला की चुकीचे पर्याय आपोआप उघडे पडतात. कुठे शब्द तंतोतंत उताऱ्यातले असतात, पण कर्ता-कर्म बदललेलं. कुठे विधान जगात खरं, पण या उताऱ्यात लेखकाने म्हटलेलंच नाही. कुठे 'काही' चं 'सगळे' झालेलं. बरोबर पर्याय बहुधा उताऱ्यातलीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो, म्हणून ओळखीचे शब्द दिसले की आनंद होण्याऐवजी संशय यायला हवा. शीर्षक निवडताना प्रत्येक परिच्छेदाला विचारायचं, तू या शीर्षकाखाली मावतोस का? एक परिच्छेद बाहेर राहिला तर शीर्षक तोकडं आहे. उताऱ्यात नसलेल्या गोष्टी त्यात मावत असतील तर ते फार मोठं आहे.

शब्दार्थाच्या प्रश्नांबद्दल थोडं जास्त सांगते. चिनी शिक्षक 'शूत्सी शंगयी' असा शब्दप्रयोग करतात: ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ. 'अ‍ॅड्रेस' म्हणजे पत्ता हे पाठ असतं, पण 'अ‍ॅड्रेस अ प्रॉब्लेम' म्हणजे प्रश्नाला हात घालणं. 'फाइन' म्हणजे दंडही. 'कव्हर' म्हणजे अंतर कापणं, बातमी देणं, खर्च भागवणं. 'अ स्कूल ऑफ फिश' हा माशांचा थवा. शेवटच्या वर्षात नवे शब्द जमवण्यापेक्षा यादीतल्याच शब्दांचे दुसरे-तिसरे अर्थ, ते जिथे भेटले त्या वाक्यासकट, लिहून ठेवावेत. निव्वळ शब्द आणि त्याच्यापुढे अर्थ अशी वही मी बंद करायला लावली होती.

पायरी सहावी: सातातून पाच

उताऱ्यात पाच जागा रिकाम्या, खाली सात वाक्यं, दोन जादा. एक चूक झाली की ती दुसऱ्या जागेचं वाक्य पळवते, त्यामुळे अडीचाऐवजी पाच गुण जातात. म्हणून क्रमाने भरण्याचा हट्ट नको. आधी सातही वाक्यांतली सर्वनामं आणि जोडशब्द अधोरेखित करा: 'धिस', 'दे', 'हाउएव्हर', 'इन्स्टेड', 'फॉर एक्झाम्पल'. 'दे' आहे तर आधीच्या वाक्यात अनेकवचनी नाम हवंच. परिच्छेदाच्या सुरुवातीची जागा बहुधा त्या परिच्छेदाचं म्हणणं मागते, शेवटची जागा निष्कर्ष किंवा पुढच्या परिच्छेदाचा पूल. ज्यांची खात्री आहे त्या जागा आधी भरा, मग उरलेल्या. शेवटी सगळा उतारा भरलेल्या वाक्यांसह एकदा मनात म्हणून पाहा. कान तयार झालेला असेल तर न जुळणारं वाक्य इथे खटकतं.

पायरी सातवी: वेळ आणि चुकांची वही

१२० मिनिटांची वाटणी आम्ही अशी ठेवली होती: श्रवण २०, चार उतारे ३०, सातातून पाच ८, गाळलेले शब्द आणि व्याकरण २०, लेखन ४०, आणि दोन मिनिटं खुणा तपासायला. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं, टू-बी पेन्सिलीने गोल नीट भरलेले हवेत, आणि एक ओळ चुकली की पुढचं सगळं सरकतं. प्रत्येक उताऱ्यानंतर लगेच खुणा उतरवणं सुरक्षित.

चुकांची वही, 'त्सुओथीबन', जवळजवळ प्रत्येक चिनी मुलाकडे असते. सुंदर अक्षरात प्रश्न उतरवलेला, चार रंग वापरलेले, आणि पुन्हा कधी न उघडलेली. त्याऐवजी एका चुकीला एकच ओळ द्या: "'ऑल्दो' ऐकलं, पण पुढे लक्ष दिलं नाही." "जगात खरं होतं, उताऱ्यात नव्हतं." दर रविवारी ओळी मोजा. तीनदा आलेली ओळ हाच पुढच्या आठवड्याचा अभ्यास.

बारावीच्या मुलांचा दिवस फार लांब असतो. बऱ्याच शाळांत रात्री नऊ-दहापर्यंत स्वाध्याय चालतो. इंग्रजीला त्यातून पन्नास मिनिटं मिळाली तरी पुष्कळ झालं: वीस मिनिटं बारकाईने ऐकणं, दहा मिनिटं तुकड्यांनी वाचन, वीस मिनिटं दोन उतारे घड्याळ लावून. शनिवारी किंवा रविवारी एक पूर्ण श्रवण. झोप तोडून अभ्यास करायला मी कधीही सांगणार नाही. पेंगुळलेला कान शिकत नाही.

शेवटचे तीन आठवडे

सराव दुपारी ३ वाजताच करा, म्हणजे जेवणानंतरची ती सुस्ती अंगवळणी पडते. इयरफोन काढून ठेवा. लेखी परीक्षेत आवाज वर्गातल्या ध्वनिक्षेपकातून येतो, म्हणून स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, पंखा चालू ठेवून ऐका. परीक्षेच्या काळात केंद्रांजवळ बांधकामं आणि भोंगे बंद ठेवतात, पण शेजारच्याचं खोकणं आणि कागदाची सळसळ बंद करता येत नाही. बीजिंग किंवा ग्वांगतोंगसारखी संगणकावरची परीक्षा असेल तर उलट करा: हेडफोन लावा आणि बाजूला दोघांना बोलत ठेवा, कारण तिथे आसपासची मुलं मोठ्याने उत्तरं देत असतात.

नवीन प्रश्नपत्रिका आता थांबवा. जुन्या, पिंजून काढलेल्या संहिता पुन्हा ऐका. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी एखादा ओळखीचा संवाद मागोमाग बोलून घ्या, दिवसातलं पहिलं इंग्रजी परीक्षेच्या खोलीत कानावर पडू नये म्हणून.

आणि ध्वनिफीत सुरू झाली की आधी तो शर्ट येईल, किंमत येईल, चिनीत सूचना येतील. त्या ऐकायची गरज नाही, त्या पाठ आहेत. तेवढ्या वेळात पहिल्या पाच प्रश्नांचे पर्याय वाचून झालेले असले पाहिजेत.